अनोळखी सभासदांची पतसंस्था

डिजिटल पतसंस्थेची सभासद होताना मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते तिथल्या सोपेपणानं. ओळखपत्राचा फोटो, चेहऱ्याचा फोटो, ओटीपी, वारसाचं नाव, प्रवेश फी आणि भागाची रक्कम. एवढं झालं की सभासद क्रमांक येतो. समोर कोणी बसलेलं नसतं आणि 'तुम्ही कोणाच्या ओळखीनं आलात' असंही कोणी विचारत नाही. नुसतं खातं उघडायचं असतं तर हा सोपेपणा मला मनापासून आवडला असता. पण पतसंस्थेचा भाग (शेअर) विकत घेतला की माणूस मालकांपैकी एक होतो. आणि माझ्यासोबतचे बाकीचे मालक कोण आहेत, याची मला काहीच कल्पना नव्हती. त्यांनाही माझी नव्हती.

तरीही मी सभासद झाले. बरीच वर्षं एक प्रश्न माझ्या मनात होता: आपण बाजूला टाकलेला पैसा जातो कुठे? बँकेतली ठेवही कोणाच्या तरी कर्जाच्या रूपानं फिरतच असते. पण ती कोणाला दिली, किती व्याजानं दिली, न फेडणाऱ्याशी कसं वागले, यात ठेवीदाराला काही बोलता येत नाही. पतसंस्थेत ठेव ठेवणारा आणि कर्ज काढणारा एकाच सभेला बसतात. ठेवीदाराला व्याज जास्त हवं असतं, कर्जदाराला कमी. बाहेरच्या जगात हे दोघे वेगवेगळे असतात. इथे तीच व्यक्ती आज एका बाजूला असते आणि चार वर्षांनी दुसऱ्या. त्यामुळे दर ठरवताना कोणालाच फार ताणता येत नाही. ही रचना मला फार समंजस वाटते, आणि तिच्यासाठीच मी गेले.

'अटी मान्य आहेत' या चौकटीवर टिचकी मारण्याआधी मी उपविधी, म्हणजे संस्थेचे स्वतःचे नियम, वाचायला घेतले. लांबलचक होते, भाषा कोरडी होती, पण त्यातच सगळं होतं. भाग म्हणजे शेअर बाजारातला शेअर नव्हे. त्याची किंमत वाढत नाही. संस्था सोडताना दर्शनी किमतीइतकेच पैसे परत मिळतात, तेही मुदतीनंतर आणि संस्थेची स्थिती पाहून. लाभांशाला मर्यादा असते. नफ्यातला ठरावीक वाटा राखीव निधीत टाकावाच लागतो आणि तो निधी सभासदांना आपापसांत वाटून घेता येत नाही. तो आधी होऊन गेलेल्यांचा आणि पुढे येणाऱ्यांचाही असतो. आणि कोणाचा एक भाग असो वा शंभर, मत एकच. १८४४ साली इंग्लंडमधल्या रॉचडेल गावच्या कामगारांनी आपलं सहकारी दुकान काढलं, तेव्हापासून सहकाराच्या नियमांत ही गोष्ट टिकून आहे.

उपविधी वाचताना माझं मन मात्र जर्मनीतल्या एका दुसऱ्या गोष्टीकडे सारखं जात होतं. फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझेन हे वायरबुश या भागाचे महापौर असताना १८४६-४७ च्या हिवाळ्यात तिथे दुष्काळ पडला. त्यांनी सधन लोकांकडून पैसा उभा केला आणि गरिबांना पीठ आणि पाव उधारीवर मिळवून दिला. पुढे फ्लामर्सफेल्डला १८४९ मध्ये त्यांनी सधनांच्या हमीवर चालणारी मदत संस्था काढली, नंतर हेडेसडोर्फलाही तसाच प्रयत्न केला. लोकांना मदत मिळाली, पण देणाऱ्यांचा उत्साह ओसरला की संस्था थकायच्या. शेवटी १८६४ साली हेडेसडोर्फलाच त्यांनी कर्ज संस्था नव्यानं उभी केली आणि एक गोष्ट पक्की केली: ज्याला कर्ज हवं त्यानं आधी सभासद व्हायचं. घेणारा आणि जबाबदारी उचलणारा एकच झाला. परोपकाराच्या जागी सहकार आला तो या एका अटीमुळे.

त्या संस्थांची दुसरी अट आज वाचतानाही अंगावर येते. सभासदांची जबाबदारी अमर्याद होती. संस्था बुडाली तर केवळ भागाची रक्कम जाऊन भागत नसे. प्रत्येकाचं शेत, घर, गुरंढोरं पणाला लागलेली असत. त्यामुळे संस्थेचं क्षेत्र मुद्दाम लहान ठेवलेलं असे. कर्ज मागणारा माणूस कसा आहे, त्यानं बियाण्यासाठी म्हणून घेतलेले पैसे खरंच बियाण्याला लागले का, यावर सगळ्यांचं लक्ष असे. शहाणपणासाठी वेगळा विभाग लागत नव्हता, कारण प्रत्येकाला स्वतःच्या घराची काळजी होती. १८८९ च्या जर्मन सहकार कायद्यानं मर्यादित जबाबदारीला वाट करून दिली आणि ते योग्यच झालं. शेजाऱ्याच्या चुकीसाठी एखाद्याचं छप्पर जाणं हा न्याय नव्हता. पण त्या भीतीबरोबर जागरूकतेचं एक मोठं कारणही निघून गेलं. आता ती जागरूकता कुठून आणायची, हा प्रश्न तेव्हापासून पतसंस्थांपुढे आहे. अ‍ॅपमुळे तो नव्यानं उभा राहिला इतकंच.

ही कल्पना फिरली कशी, तेही पाहण्यासारखं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रेडरिक निकल्सन यांनी मद्रास सरकारसाठी युरोपातल्या अशा संस्थांचा अभ्यास केला आणि आपल्याला रायफायझेनसारखा माणूस शोधावा लागेल असा निष्कर्ष काढला. १९०४ साली भारतात सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. १९०७ मध्ये बॉस्टनचे व्यापारी एडवर्ड फाइलीन जगप्रवासात भारतात आले, बंगालमधल्या खेड्यांतल्या पतसंस्था त्यांनी पाहिल्या, आणि पुढे अमेरिकेतल्या पतसंस्था चळवळीमागे आपली संपत्ती उभी केली. त्याआधी, १९०० मध्ये, कॅनडातल्या लेव्ही गावात अल्फोन्स देजार्दँ यांनी आपली 'केस पॉप्युलेर', म्हणजे लोकांची पतपेढी, स्थापन केली. ते ऑटवाला संसदेत लघुलेखक होते. ते तिकडे असताना संस्थेचा कारभार त्यांच्या पत्नी दोरीमेन घरातून सांभाळत. या बाईंचं नाव नेहमी नंतर घेतलं जातं, याचं मला वाईट वाटतं. ठेवी घेणं, हिशेब लिहिणं, आलेल्या माणसाशी बोलणं, म्हणजे पतसंस्था प्रत्यक्ष चालवणं, हे त्यांनी केलं.

या सगळ्या ठिकाणी एक गोष्ट सारखी होती. सभासदांमध्ये आधीपासून काहीतरी नातं असे. कुठे गाव एक, कुठे चर्च एक, कुठे कारखाना किंवा कचेरी एक. पतसंस्था त्या ओळखीवर उभी राहायची. माझ्या डिजिटल पतसंस्थेत अशी आधीची ओळख नाही. मग तिथे विश्वास कशावर उभा आहे, हे मला समजून घ्यायचं होतं.

पहिलं उत्तर मला जामिनाच्या विनंतीतून मिळालं. पूर्वी कामाच्या निमित्तानं ओळख झालेल्या एका गृहस्थांनी कर्जाचा अर्ज केला आणि जामीनदार म्हणून माझं नाव घातलं. अ‍ॅपवर सूचना आली: अर्जदाराचं नाव, रक्कम, मुदत, आणि खाली दोन बटणं. स्वीकारा. नाकारा. जामीन राहणं म्हणजे काय हे मी उपविधींमध्ये वाचलेलं होतं. जितक्या रकमेची हमी मी देईन तितकी माझी ठेव अडकून राहणार. कर्ज फिटत जाईल तसतशी ती मोकळी होणार. आणि हप्ते थांबले तर वसुली माझ्या ठेवीतून होणार. हा निर्णय अंगठ्याच्या एका स्पर्शानं घेता येत होता, आणि मला तो तसा घ्यायचा नव्हता.

मी त्यांना फोन केला. सुरुवातीला ते संकोचले. अ‍ॅपवरून विनंती पाठवण्यात त्यांनाही बरं वाटलं असणार, कारण तोंडानं मागावं लागलं नाही. मग हळूहळू बोलणं मोकळं झालं. कर्ज कशासाठी हवं, आधीचं काही देणं आहे का, मिळकत दर महिन्याला सारखी असते की कमीजास्त, एखाद्या महिन्यात ओढ लागली तर काय करणार. हे प्रश्न विचारताना मला अवघड वाटत होतं, पण त्यांच्या उत्तरांतूनच मला माणूस कळला. आमच्यात दोन गोष्टी ठरल्या. त्यांनी मागितली होती त्याच्या निम्म्या रकमेची हमी मी देईन आणि उरलेल्यासाठी ते दुसरा जामीनदार पाहतील. आणि हप्ता चुकणार असं दिसलं तर ते मला आधी सांगतील, नंतर नाही. त्यानंतर मी बटण दाबलं.

त्या फोनसाठी अ‍ॅपमध्ये कुठेच जागा नव्हती. तरी ते कर्ज मला सुरक्षित वाटलं ते त्या फोनमुळेच. तेव्हापासून माझं असं मत झालं आहे की डिजिटल पतसंस्थेत ओळख ही आधी मिळत नाही, ती नंतर आणि मुद्दाम करून घ्यावी लागते.

इथे एक फरक सांगितलाच पाहिजे. झटपट कर्ज देणारी जी लबाड अ‍ॅप्स जगभर पसरली आहेत, तीसुद्धा कर्जदाराच्या ओळखीपाळखीचाच वापर करतात. पण कसा? फोनमधले सगळे संपर्क आणि फोटो वाचण्याची परवानगी आधीच काढून घेतात आणि हप्ता चुकला की त्या संपर्कांना फोन करून माणसाची बदनामी करतात. ज्यांना फोन जातात त्यांनी कधी 'हो' म्हटलेलं नसतं. जामीनदारानं म्हटलेलं असतं, आणि काय पणाला लावतोय हे ठाऊक असताना म्हटलेलं असतं. म्हणून पतसंस्था म्हणवणारं एखादं अ‍ॅप फोनमधले संपर्क मागू लागलं तर तिथेच थांबावं. संस्थेची नोंदणी नियामकाच्या यादीत स्वतः शोधावी, अ‍ॅपनं दिलेल्या दुव्यावरून जाऊ नये. ठेवींना विम्याचं संरक्षण आहे का, तेही पाहावं. अमेरिकेत १९७० पासून पतसंस्थांच्या ठेवींसाठी सरकारी हमीचा विमा आहे. पण बँकेच्या ठेवींना विमा असतो म्हणून पतसंस्थेच्या ठेवींनाही असेल असं कुठेच गृहीत धरता येत नाही.

ओळखीवर चालणाऱ्या जुन्या पतसंस्थेची आठवण काढताना तिचं दुसरं अंगही विसरून चालणार नाही. जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात तिथे कर्ज मागणं म्हणजे आपली अडचण चव्हाट्यावर मांडणं असतं. संचालकांच्या मर्जीतल्यांचे अर्ज पुढे सरकतात, नावडत्यांचे खाली राहतात. बाई एकटी आली तर तिच्या अर्जापेक्षा तिच्या घराची चर्चा जास्त होते. अ‍ॅपला हे काही ठाऊक नसतं. उपचारासाठी रात्री अर्ज करणाऱ्याला कोणाच्या चेहऱ्याकडे पाहावं लागत नाही. दूर राहणारा, नोकरी बदलत फिरणारा, दिवसभर कामातून सुटका नसलेला माणूस सभासद होऊ शकतो. केनियात २००७ मध्ये एम-पेसा आलं आणि साध्या मोबाइलवरून पैसे पाठवणं शक्य झालं; पुढे तिथल्या बचत आणि कर्ज सहकारी संस्थांनाही सभासदांचे हप्ते त्याच वाटेनं घेता येऊ लागले. ही सोय माणसाचा मान राखते, आणि मला ती गमवायची नाही.

पण शेजाऱ्याच्या पारखीची जागा आता एका गुणांकानं घेतली आहे. हप्ते वेळेवर आले का, खात्यात किती शिल्लक असते, मिळकत कशी येते, यावरून प्रणाली आकडा काढते आणि अर्ज मंजूर किंवा नामंजूर होतो. हा आकडा पक्षपात करत नाही असं म्हणतात. मला ते पुरतं पटत नाही. ज्यांची मिळकत हंगामी आहे, त्यांचे हप्ते हंगामाप्रमाणेच येणार. शेजाऱ्याला त्याचं कारण माहीत असतं. प्रणालीला फक्त उशीर दिसतो. आणि नामंजुरीच्या संदेशात 'निकषांत बसत नाही' एवढंच लिहिलेलं असेल तर मालकालाच त्याच्या संस्थेनं कारण न सांगता परत पाठवलं असं होतं. हे मला सहन होत नाही.

म्हणून मी वार्षिक अहवाल वाचायची सवय लावून घेतली आहे. त्यासाठी हिशेबनीस असावं लागत नाही. पतसंस्थांच्या जागतिक परिषदेनं 'पर्ल्स' नावाची मोजपट्टी तयार केली आहे. तिच्यातल्या तीनच गोष्टी मी आधी पाहते. थकीत कर्ज एकूण कर्जाच्या ५ टक्क्यांच्या आत आहे का. संस्थेचं स्वतःचं भांडवल, म्हणजे मुख्यतः राखीव निधी, एकूण मालमत्तेच्या निदान १० टक्के आहे का. आणि मालमत्तेपैकी ७० ते ८० टक्के पैसा खरोखर सभासदांच्या कर्जात आहे का, की इमारतीत अडकून पडलाय. थकबाकीचा आकडा एकदम खाली आलेला दिसला तर मी खूश होत नाही. जुनी कर्जं नवी करून दाखवली आहेत का, हे पाहण्यासाठी लेखापरीक्षकाचे शेरे उघडते. सगळ्यात महत्त्वाचं बहुधा तिथेच, बारीक अक्षरात असतं.

व्याजाचंही तसंच. १२ टक्के दर सांगितला आणि तो मूळ रकमेवर सरसकट लावला, तर वर्षभराच्या मासिक हप्त्यांत फिटणाऱ्या कर्जावर प्रत्यक्ष दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो, कारण मुद्दल फिटत गेलं तरी व्याज पूर्ण रकमेवरच चाललेलं असतं. घटत्या शिल्लकीवर लावलेले १२ टक्के हे खरंच १२ असतात. सभासदांची म्हणवणारी संस्था सभासदालाच सरसकट व्याज लावत असेल, तर तिला सभेत जाब विचारायलाच हवा.

माहितीच्या सुरक्षिततेबद्दलही सभासद म्हणून बोलायला हवं. दोरीमेनबाईंच्या घरातून सुरू झालेली ती संस्था वाढत वाढत उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या सहकारी वित्तसंस्थांपैकी एक झाली. २०१९ मध्ये तिथे माहिती फुटल्याचं उघड झालं. बाहेरून कोणी कुलूप फोडलं नव्हतं. आतल्याच एका कर्मचाऱ्यानं ती बाहेर दिली होती. कॅनडाच्या गोपनीयता आयुक्तांच्या चौकशीनुसार सुमारे ९७ लाख लोकांची माहिती त्यात होती आणि हा प्रकार दोन वर्षांहून अधिक काळ चालू होता. मी हे वाचलं तेव्हा माझ्या संस्थेला लेखी विचारलं: माझी माहिती किती कर्मचाऱ्यांना पाहता येते, कोणी ती पाहिली याची नोंद राहते का, आणि संस्था सोडलेल्या सभासदांची माहिती किती वर्षं ठेवता? उत्तर यायला वेळ लागला. पण आलं ते व्यवस्थित, मुद्द्यांना धरून, आणि त्यातून मला संस्थेबद्दल आदर वाटू लागला.

वार्षिक सर्वसाधारण सभा फोनवरच होते. सभासदसंख्येच्या मानानं हजेरी अगदी थोडी, आणि त्यातही बोलणारे तेच तेच. गणपूर्तीअभावी, म्हणजे किमान हजेरी न भरल्यानं, तहकूब केलेली सभा थोड्या वेळानं पुन्हा सुरू करण्याची तरतूद उपविधींत असते, आणि तिचा आधार घेऊन मोठमोठे ठराव मूठभरांच्या मतानं मंजूर होतात. यात गैर कोणी करतंय असं नाही. रिकाम्या खुर्च्यांचा हा परिणाम आहे. मतदानाचं बटण पूर्वीच्या हात वर करण्यापेक्षा किती तरी सोपं आहे, तरी लोक येत नाहीत, कारण आपण मालक आहोत ही जाणीव अ‍ॅप करून देत नाही. शिल्लक, हप्ता, कर्जाची ऑफर हे पहिल्या पानावर. सभेची नोटीस आतल्या आत कुठेतरी. नोटीस पहिल्या पानावर आणा, अशी मागणी मी सभेत केली, आणि ती लगेच मान्य झाली.

आता पुढच्या सभेसाठी मी एक ठराव लिहिला आहे. प्रणालीनं नामंजूर केलेला प्रत्येक अर्ज, अर्जदारानं मागणी केल्यास, कर्ज समितीतल्या माणसानं पुन्हा वाचावा आणि नामंजुरीचं कारण लेखी द्यावं. ज्यांना मी जामीन राहिले ते गृहस्थ अनुमोदन देणार आहेत. त्यांचे हप्ते वेळेवर चालू आहेत आणि माझी अडकलेली ठेव हळूहळू मोकळी होते आहे. पण उपविधींनुसार ठराव विषयपत्रिकेवर यायला आणखी सभासदांच्या सह्या लागतात, आणि इथे मी अडले आहे. सभासदांची यादी मला मिळत नाही. यादी पाहण्याचा सभासदाचा हक्क जुन्या सहकारी परंपरेतला, आणि कोणाचं नाव-पत्ता त्याच्या संमतीशिवाय न देण्याचा नियम नव्या काळातला. दोन्ही मला योग्य वाटतात. अ‍ॅपमधून मी संस्थेशी बोलू शकते, संस्था माझ्याशी बोलू शकते, पण एक सभासद दुसऱ्या सभासदाशी बोलू शकत नाही. संचालक मंडळाला मी सुचवलं आहे की ठरावाचा मसुदा संस्थेनंच सगळ्यांना पाठवावा आणि ज्यांना सही करायची असेल त्यांनी आपलं नाव स्वतः कळवावं. म्हणजे यादीही बाहेर जाणार नाही आणि सह्याही होतील. मंडळाच्या येत्या बैठकीत त्यावर निर्णय आहे. तोवर मी ओळखीच्या सभासदांना एकेक फोन करते आहे आणि प्रत्येकाला विचारते आहे, तुमच्या ओळखीचं आणखी कोण या संस्थेत आहे?